मागच्या चाकातून आवाज येतोय: गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये मी बरीच वर्षं चाकं, ब्रेक आणि सस्पेन्शनचं काम बघतो. आयटीआयमधला 'मेकॅनिक मोटर व्हेईकल'चा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून मुलं-मुली आमच्याकडे शिकायला येतात. इंजिनाचं काम सगळ्यांना हवं असतं. मागच्या आवाजाचं काम कुणी आपणहून मागत नाही, आणि माझं ठाम मत आहे की डोकं घडायला याहून चांगलं काम गॅरेजात नाही. इंजिनाला स्कॅनर लावला की निदान बिघाडाचा एखादा कोड तरी हाती लागतो. फाटलेल्या बुशला, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबराला, कसला सेन्सर? तिथे कान, हात आणि नीट विचारलेले चार प्रश्न एवढंच भांडवल.

आवाज नेमका कुठून येतो हे पहिल्या दिवशी शोधायला जाऊ नका. गाडीची बॉडी एकसंध वेल्ड केलेली असते, त्यामुळे डाव्या चाकाचा दणका फ्लोअरमधून फिरून उजव्या सीटखाली ऐकू येतो. आधी आवाज कधी येतो ते विचारा. गाडीवाल्याला विचारा: साहेब, सपाट रस्त्यावर येतो की खड्ड्यातच? वेगाबरोबर वाढतो का? ब्रेक दाबल्यावर बंद होतो का? मागे माणसं बसली की फरक पडतो? सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना येतो की दिवसभर? अलीकडे टायर, शॉकअप किंवा ब्रेकचे लायनर बदललेत का? शेवटचा प्रश्न कधीही विसरू नका. नुकतंच काम झालेल्या जागेपासून तपासायला सुरुवात केली की पुष्कळदा तिथेच उत्तर सापडतं.

मग डिकी रिकामी करा. जॅक, टॉमी, स्टेपनी, पाण्याचे कॅन, पार्सल ट्रे सगळं बाहेर. मागच्या सीटची पाठ लॉकमध्ये घट्ट बसली आहे का ते हलवून पाहा, सीटबेल्टची बकलं बांधून टाका. स्टेपनीचा बोल्ट ढिला असला तर प्रत्येक स्पीडब्रेकरला शॉकअप गेल्यासारखा 'धप्प' आवाज येतो. सायलेन्सरचं हँगर रबर तुटलं तरी तसंच. हे दहा मिनिटांचं काम न करता शॉकअपची जोडी बदलणं म्हणजे समोरच्याच्या पैशांशी खेळणं आहे, आणि मला त्याचा राग येतो.

आता चालवून बघायचं. शक्यतो गाडीवाल्यालाच चालवू द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा, कारण आवाज येणारा रस्ता आणि वेग त्यालाच ठाऊक असतो. काचा बंद, एसी आणि गाणी बंद.

सपाट रस्त्यावर 'घूंऽऽ' असा सलग आवाज येत असेल आणि वेगाबरोबर चढत असेल, तर संशय दोघांवर: चाकाचं बेअरिंग किंवा टायर. वेग तोच ठेवून गिअर बदलायला सांगा. इंजिनाचे फेरे बदलूनही आवाज तसाच राहिला तर इंजिन संशयातून सुटलं. मग रस्ता बदलून पाहा. जुन्या खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर जाताच आवाजाची जात बदलली, तर टायर. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेला हात मऊ सरकतो आणि उलट दिशेला कडा टोचतात, किंवा ठरावीक अंतरावर खोलगे लागतात, असं असेल तर टायर वेडावाकडा झिजला आहे. खात्री करायला मागचे टायर पुढे घ्या. आवाजही पुढे गेला तर निकाल लागला. पण खोलगे कमजोर शॉकअपमुळेही पडतात. नुसते टायर बदलून गाडी सोडली तर नवे टायरही तसेच झिजतील.

बेअरिंगची खूण वळणावर मिळते. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर जातं. डाव्या वळणात 'घूं' वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग गेलेलं असतं, उजव्या वळणात वाढली तर डावं. आमच्याकडे यवतेश्वरच्या घाटात हे चांगलं कळतं, पण घाटात गाडी न्यूट्रल करायची नाही आणि वेगही मारायचा नाही. वळणं साध्या वेगातसुद्धा बोलतात.

संशय पक्का झाला की मग गाडी उचला. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असो. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, खाली स्टँड द्या, मग हँडब्रेक सोडा. चाक वर आणि खाली धरून आळीपाळीने ढकला. 'टक' लागलं तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. मग एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर कानाला यायच्या आधी स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. दोन्ही बाजू तपासून तुलना करा. चांगलं चाक कसं फिरतं हे हाताला ठाऊक नसेल तर खराब कळणार कसं? पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हे जास्त सापडतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे गाड्या बुडाल्या, तशा गाड्यांमध्ये सीलमधून पाणी शिरतं, ग्रीस खराब होतं आणि घरघर पुढे काही आठवड्यांनी सुरू होते. म्हणून गाडी पाण्यात होती का, हेही विचारा.

खड्ड्यातल्या 'ठक ठक'ची गोष्ट वेगळी. मागचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन स्थिर झाली पाहिजे. डोलत राहिली तर शॉकअपमध्ये दम नाही. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं तर प्रश्नच मिटला. मात्र कोरडा, चांगला शॉकअपही वाजतो, वरचं नट ढिलं किंवा माउंटिंगचं रबर दबून गेलेलं असलं की. हा आवाज मोठ्या खड्ड्यापेक्षा हळू वेगात, बारीक उंचवट्यांवर जास्त येतो. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा स्प्रिंग टेकते त्या कपात लपलेला असतो आणि तिथेच मोडतो. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी माप घ्या. एक बाजू बसलेली असेल तर टॉर्च घेऊन तो वेढा पाहाच.

स्विफ्ट, आय-ट्वेंटीसारख्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा बीम, असतो आणि तो पुढच्या बाजूला दोन मोठ्या बुशांवर झुलतो. पहार लावून बीम हलवा, रबर फाटलं असेल तर चीर उघडताना दिसते. इनोव्हाला (हायक्रॉस सोडून) मागे लिंक रॉड आणि एक आडवा रॉड असतो, त्यांच्या टोकांचे बुश एकेक करून बघावे लागतात. इथे एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. नवीन बुश बसवल्यावर बोल्ट नुसत्या हाताने बसेल तेवढाच लावा, गाडी चाकांवर खाली उतरवा आणि तिचं वजन सस्पेन्शनवर आल्यावरच पूर्ण टाइट करा. या बुशांचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर ओल्या कापडासारखं पिळलेलंच राहतं, आणि थोड्याच दिवसांत फाटतं. गाडीवाला परत येतो, पार्ट खराब निघाला म्हणतो. पार्ट चांगलाच होता.

'कुईं कुईं' बहुतेक कोरड्या रबराची असते. एकेका बुशवर पाणी शिंपडा आणि गाडी दाबा. ज्या जागी पाणी पडल्यावर आवाज थांबतो, तो बुश. त्यावर इंजिन ऑइल ओतू नका, रबर फुगून सडतं. बोलेरोसारख्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीचे, बुश आणि पाट्यांमधलं घर्षण दोन्ही तपासा, मधला बोल्ट मोडला नाही ना तेही.

हळू वेगात चाकाबरोबर 'टिक टिक' होत असेल तर आधी टायरमधला खडा बघा, मग व्हील नट. हलका ब्रेक दाबताच खडखड थांबली तर ब्रेकच्या ड्रममध्ये लायनर धरणारी स्प्रिंग किंवा पिन निसटलेली असते. ब्रेक दाबल्यावरच 'खर्रर्र' होत असेल तर लायनर संपलेत, गाडी त्याच दिवशी ठेवून घ्या. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी सकाळी 'टक' करून सुटते, कारण लायनर ओल्या ड्रमला चिकटलेले असतात. ते एकदाच होत असेल तर ड्रम उघडायची गरज नाही. सपाट जागी गाडी गिअरमध्ये आणि चाकाला दगड लावून ठेवायला सांगा.

ईको, बोलेरो, इनोव्हा (हायक्रॉस सोडून) या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी दोन जागा येतात. क्लच सोडताना 'टण्ण' वाजलं तर इंजिनाकडची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं झालं तर डिफरन्शियलमधली दातेरी चाकं, म्हणजे क्राऊन-पिनियन; तिथे आधी डिफरन्शियलचं तेल तपासा.

काम झाल्यावर व्हील नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, लावा. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, गाडीवाल्याला शेजारी बसवून फेरी मारा. जॉब कार्डवर काय बदललं एवढंच लिहू नका. काय तपासलं आणि चांगलं निघालं तेही लिहा. चार महिन्यांनी तीच गाडी दुसरा आवाज घेऊन आली, तर ती ओळ ज्याच्या हाताखाली गाडी येईल त्याचा अर्धा दिवस वाचवते.