जुना फुल बॅकअप डिलीट करायच्या आधी हे बघा

डिस्क भरली की आपण सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी फाईल उडवतो, आणि तिथंच घात होतो. ती फाईल बहुतेक वेळा फुल बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटाची पूर्ण प्रत असते, आणि तिच्यावर घेतलेले सगळे इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच ठेवणाऱ्या फाईली) तिच्याशिवाय नुसता कचरा. मी एका ऑफिसात हे डोळ्यांनी पाहिलंय, सहा दिवसांच्या फाईली समोर दिसतायत पण रिस्टोर एकही होत नाही, अकाउंटवाल्या ताईंचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून फुल कधी उडवायचा याचे दिवस मोजायचे ते साखळीतल्या, म्हणजे एक फुल आणि त्यावरचे इन्क्रिमेंटल यातल्या, शेवटच्या फाईलपासून. समजा १ तारखेला फुल घेतला, २ ते ७ रोज इन्क्रिमेंटल, आणि तुम्हाला १४ दिवस मागं जाता यायला हवं, तर ७ तारखेची फाईल २१ पर्यंत लागणार, म्हणजे १ तारखेचा फुलसुद्धा २१ पर्यंत हलवायचा नाही. थोडक्यात १४ दिवसांसाठी जागा मात्र तीन आठवड्यांची धरा.

डिफरन्शियलचं, म्हणजे फुलनंतर बदललेलं सगळं दर वेळी एकाच फाईलीत घेणाऱ्या बॅकअपचं, जरा सोपं असतं, फुल आणि हव्या त्या दिवसाची एक फाईल एवढ्यावर काम होतं, मधल्या उडवल्या तरी चालतं. पण ती रोज फुगते. दिवसाला ५ जीबी नवीन डेटा येत असेल तर सहा दिवसांचे इन्क्रिमेंटल मिळून ३० जीबी, डिफरन्शियल मात्र ५, १०, १५ करत एकूण १०५ जीबी. जागा असेल तर मी तरी डिफरन्शियलच घेईन.

आणि हाताने फाईली उडवू नका हो, बॅकअप सॉफ्टवेअरच्या रिटेन्शन सेटिंगलाच (बॅकअप किती दिवस ठेवायचे ते ठरवणारी सेटिंग) ते करू द्या.