हॉस्पिटलची डीजी रूम: या चुका टाळा

हॉस्पिटलच्या डीजी रूममध्ये, म्हणजे डिझेल जनरेटरच्या खोलीत शिरलो की मी आधी लूव्हर, म्हणजे हवेसाठीचे पट्ट्यांचे झरोके बघतो. आग विझवणाऱ्या गॅसचे सिलिंडर सगळेच कौतुकाने दाखवतात, ताजा लाल रंग, नवं लेबल. लूव्हर मात्र सताड उघडे आणि ते बंद करणाऱ्या झडपांचा, म्हणजे डॅम्परचा पत्ता नसतो.

क्लीन एजंट, म्हणजे आग विझवून मागे घाण न ठेवणारा गॅस साधारण १० सेकंदांत खोलीभर सुटतो, पण पुढे १० मिनिटं तरी तो आत टिकावा लागतो. सेट, म्हणजे जनरेटर चालू असेल तर रेडिएटरचा पंखा त्याला उचलून बाहेर फेकतो. एका खासगी हॉस्पिटलात हे मी स्वतः पाहिलंय. मे महिना, लाइट गेलेली, ५०० केव्हीएचा सेट भर लोडवर. डिझेलचा रिटर्न होज झिरपत होता आणि थेंब पडत होते इंजिनच्या तापलेल्या टर्बोवर. पेटलं. हूटर वाजला, गॅस सुटला, ज्वाळा बसल्या, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा भडका! गॅस लूव्हरमधून निघून गेला होता, इंजिन धडधडत होतं, डिझेल येतच होतं. शेवटी ऑपरेटरने बाहेरचा डिझेलचा कॉक फिरवला, इंजिन आचके देत थांबलं, मग फोमचा एक्स्टिंग्विशर मारून आग विझली. दुसरा सेट वेगळ्या खोलीत होता म्हणून आयसीयू निभावलं.

गॅसच्या आधी सेट बंद करणारा इंटरलॉक होता की. वायर काढून टेप गुंडाळलेला. "सारखा ट्रिप व्हायचा, साहेब." ट्रिप होणारच, डीजी रूममध्ये स्मोक डिटेक्टर बसवल्यावर दुसरं काय होणार? थंड सेट सुरू होताना थोडा धूर सोडतोच. डिटेक्टर बदलायला दोन दिवस लागतात, वायर काढायला दोन मिनिटं. नव्या पोरांना दोन मिनिटंवालं काम फार आवडतं.

मी हीट डिटेक्टर लावतो, दोन वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे दोन स्वतंत्र सर्किटवर. त्याआधी उन्हाळ्यात, भर लोडवर छताजवळचं तापमान मोजतो आणि त्यावरून डिटेक्टर निवडतो. एक झोन लागला तर फक्त हूटर. तेवढ्यात पॅनलवरच्या माणसाने लोड दुसऱ्या सेटवर घ्यायचा. दोन्ही लागले की सेट बंद, डिझेल बंद, डॅम्पर बंद, आणि मगच गॅस. क्रम चुकला तर गॅसचे पैसे लूव्हरबाहेर गेले म्हणून समजा.

सेटच्या डोक्यावर पावडरचा मॉड्युलर सिलिंडर टांगणं ही दुसरी आवड. स्वस्त पडतो, खरं आहे. पण ती पावडर एअर फिल्टरमध्ये आणि अल्टरनेटरच्या वाइंडिंगमध्ये जाते. आग विझते आणि सेटही आडवा होतो. एनएफपीए ११० या आणीबाणीच्या जनरेटरसाठीच्या अमेरिकन मानकात याला साफ अट आहे: सेटला इजा होणार नाही असं त्याच्या निर्मात्याने लिहून दिल्याशिवाय ऑटोमॅटिक पावडर नको. कार्बन डायऑक्साइडलाही अट आहे, इंजिनची हवा इमारतीच्या बाहेरून घेतलेली हवी. शिवाय आग विझवण्याइतका तो वायू कोंडलेल्या खोलीत माणसालाही संपवतो. हूटर वाजल्यावर "बघू काय झालंय" म्हणून आत डोकावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

"विजेच्या खोलीत पाणी कसं चालेल?" पॅनल वेगळ्या खोलीत असेल तर डीजी रूममध्ये स्प्रिंकलर चालतो. मात्र स्प्रिंकलरचा लाल काचेचा बल्ब ६८ अंशांना फुटतो, आणि ही खोली तापते. मी हिरवा, ९३ वाला घेतो.

बाकी नेहमीचंच: ९९० लिटरच्या डिझेल टाकीखाली सांडलेलं अडवायला बांध नाही. कॉटन वेस्टचा ढीग. ऑपरेटरची खाट!

आणि सर्व्हिसिंगनंतर सिलिंडरच्या ॲक्च्युएटरला, म्हणजे गॅस सोडणाऱ्या भागाला तशीच राहिलेली सेफ्टी पिन. ती असली की गॅस सुटतच नाही. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा बाळं गेली, त्यानंतर ऑडिटची धांदल उडाली. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी-जुलैत भरला जातोच. सही करण्याआधी मी एजन्सीच्या माणसाला ती पिन माझ्या हातात द्यायला लावतो. काहींना राग येतो, येऊ दे. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा सात पिना आहेत.