पीडीयूचं डीएनएस सेटिंग: सर्व्हर रूममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

हिंजवडी-खराडीकडे सर्व्हर रूम सांभाळायला लागलेल्या फ्रेशरला स्विच, राउटर, डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सोय) हे सगळं क्लासमध्ये शिकवलेलं असतं. पीडीयू, म्हणजे रॅकमधल्या यंत्रांना वीज वाटणारं पॉवर डिस्ट्रिब्युशन युनिट, मात्र बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. रॅकच्या मागे उभा लावलेला, सी१३ आणि सी१९ सॉकेटचा लांब पट्टा. साधा असेल तर निव्वळ एक्स्टेन्शन बोर्ड. नेटवर्कवाला असेल तर त्याला आयपी असतो, वेब पेज असतं, आणि चांगल्या मॉडेलमध्ये एकेक आउटलेट जागेवर बसून बंद-चालू करता येतो. त्याचं सेटिंग करायचं काम नव्या माणसाकडेच येतं, कारण सीनियरना त्याचा कंटाळा असतो.

वीज वाटायला डीएनएस कशाला, असं वाटेल. वीज वाटायला नाहीच लागत. पण लोड वाढल्याचा मेल पाठवायला मेल सर्व्हर सापडावा लागतो, घड्याळ जुळवायला एनटीपी, लॉग पाठवायला सिसलॉग. हे सगळं नावाने भरलेलं असलं आणि डीएनएस चुकीचा असला, तर वरकरणी काहीच बिघडलेलं दिसत नाही. फक्त मेल येत नाही. ते लक्षात येतं ब्रेकर पडल्यावर!

होस्टनेममध्ये अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच ठेवा; अंडरस्कोअर टाकू नका. रॅक नंबर आणि ए फीड की बी फीड (विजेच्या दोन वेगळ्या लाइनींपैकी कुठली) हे नावातच येऊ द्या. रात्री फोनवर कुणाला आउटलेट बंद करायला सांगायची वेळ आली की त्याचं मोल कळतं. डोमेन नेमच्या रकान्यात जे भराल ते पीडीयू अर्धवट नावांना स्वतःहून जोडतो. एपीसी कंपनीच्या पीडीयूच्या नेटवर्क कार्डात हे नको असेल तर नावाच्या शेवटी टिंब द्यायचं. डीएचसीपी (आयपी वगैरे आपोआप देणारी सोय) चालू असेल तर डीएनएस सर्व्हर ऑप्शन ६ मधून आणि डोमेन १५ मधून येऊ शकतं. तेव्हा हाताने भरलेलं बदललेलं दिसलं तर आधी तिथे बघा.

नवे लोक इथे हमखास गल्लत करतात: हे रकाने भरले की पीडीयूला बाकीचे सापडतात, बाकीच्यांना पीडीयू नाही. तुम्हाला ब्राउझरमध्ये नावाने पीडीयू उघडायचा असेल तर डीएनएस सर्व्हरवर त्याचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी) हवा, जमल्यास पीटीआरही (आयपीवरून नाव). ते दुसऱ्या टीमचं काम असतं, त्यामुळे तिकीट आधीच टाकून ठेवा. मॅनेजमेंट व्हीलॅनमधून (अशा उपकरणांसाठी वेगळं ठेवलेलं नेटवर्क) डीएनएसचं पोर्ट ५३ उघडं आहे का, हेही त्याच तिकिटात विचारून घ्या.

आता खरी मेख. तुमचा डीएनएस सर्व्हर कुठल्या रॅकमध्ये आहे? तो त्याच पीडीयूवर चालत असेल तर त्या पीडीयूच्या अडचणीचा मेल नेमका तेव्हाच निघणार नाही. गुरुवारी महावितरणने लाइट घालवली, जनरेटरने दगा दिला, की मग परत येताना सगळं एकदमच उठायला बघतं; पीडीयूचं कार्ड काही क्षणांत जागं होतं, सर्व्हरला वेळ लागतो. म्हणून माझ्या मते पीडीयूला आयपी स्टॅटिक द्यावा, सेकंडरी डीएनएस दुसऱ्या फीडवरचा, शक्यतो दुसऱ्या खोलीतला असावा, आणि आयपी छापून पट्टीवर चिकटवावा. नावं रोजच्या सोयीला; अंधारात आयपीच कामाला येतो. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट पीडीयूला जोडायची) बॉक्समधलीच जपा. कंपनीगणिक पिना वेगळ्या असतात, पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेली साधी केबल दरवेळी चालेलच असं नाही.

बदल सेव्ह केल्यावर कार्ड रीस्टार्ट मागू शकतं. त्याने आउटलेट बंद होत नाहीत, फक्त वेब पेज थोडा वेळ जातं. मात्र आउटलेट रीबूटचं बटण वेगळं असतं आणि ते सर्व्हरची वीज खरोखर तोडतं. मेन्यूत नाव नीट वाचूनच क्लिक करा. मग टेस्टची सोय असेल तर मेल सर्व्हरचं नाव विचारून पाहा आणि एक टेस्ट मेल स्वतःला पाठवा. तो इनबॉक्समध्ये दिसल्याशिवाय तिकीट बंद करू नका.