गाडीत अँप्लिफायर बसवताना वायरिंगच्या या चुका टाळा

बेस वाजला की हेडलाइट डिम होतात, आवाज वाढवला की अँप्लिफायर प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो), सकाळी गाडी सेल घेत नाही. या तक्रारी घेऊन गेलं की बहुतेक वेळा कपॅसिटर किंवा मोठी बॅटरी घ्यायचा सल्ला मिळतो. खर्च होतो आणि तक्रार तशीच राहते, कारण व्होल्टेज कुठे पडतंय हे कुणी मोजलेलंच नसतं. गाणं चालू असताना अँप्लिफायरच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोचतात, हा आकडा हातात आल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

बॉक्सवरच्या वॅटवर विसंबणे

बॉक्सवर ३००० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडा आणि अँप्लिफायरवरचे फ्यूज बघा. ३० अँपिअरचे दोन असतील, तर तो जेमतेम ६० अँपिअर ओढू शकतो. क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) अँप्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १३.८ × ६० × ०.८ म्हणजे साधारण ६६० वॅट. त्याची खरी ताकद एवढीच, आणि तार, फ्यूज, बॅटरी यांचा हिशेब याच आकड्यावर करायचा.

खरोखरच १००० वॅट आरएमएसचा (सलग देता येणारी ताकद) क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा अँप्लिफायर असेल, तर पूर्ण जोरात तो ९० अँपिअरच्या आसपास मागतो. क्लास एबी (जास्त वीज वाया घालवणारा प्रकार) असेल तर १२० च्या घरात. गाण्यात बेस सलग नसतो म्हणून सरासरी मागणी याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते, पण लांब बेस असलेली डीजेची गाणी ती बरीच वर नेतात.

आता गाडीची बाजू बघा. संध्याकाळी सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून उभी असलेली साधी हॅचबॅक घ्या. हेडलाइटला ९-१० अँपिअर, ब्लोअरला १०-१५, रेडिएटर फॅनला १०-१५, फ्युएल पंप आणि इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक्सला मिळून १० च्या आसपास. म्हणजे गाडीलाच ४०-४५ अँपिअर लागतात. इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवर ८० अँपिअर लिहिलेलं असलं तरी तो आकडा चढ्या आरपीएमचा असतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, गरम झालेल्या अवस्थेत त्याच्या निम्म्याच्या आसपासच करंट मिळतो. सिग्नलला उभं असताना अँप्लिफायरच्या वाट्याला अल्टरनेटरकडून काहीही उरत नाही, सगळं बॅटरीतून जातं. तीच गाडी पुणे महामार्गावर ८० च्या वेगाने निघाली की तक्रार गायब होते. 'हायवेला मस्त वाजतं, गावात आलं की दम तोडतं' असं कुणी सांगितलं, तर आधी आयडलच्या करंटचा विचार करा.

मोजमाप न करता सामान बदलणे

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, एसी चालू, हेडलाइट चालू ठेवा आणि ४०-५० हर्ट्झचा टोन किंवा सलग बेसचं गाणं नेहमीच्या आवाजात लावा. टोन अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका, वूफरची कॉइल तापते.

पहिलं माप बॅटरीच्या दोन टर्मिनलवर, दुसरं अँप्लिफायरच्या दोन टर्मिनलवर. बॅटरीवर १३.६ आणि अँप्लिफायरवर १२.४ दिसलं, तर १.२ व्होल्ट तारेत आणि जोडांत जळतायत. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन काहीही फरक पडणार नाही. बॅटरीवरच १२.३ दिसलं, तर अल्टरनेटर मागणी पुरवू शकत नाही किंवा त्याचा करंट बॅटरीपर्यंत नीट पोचत नाही.

मग नुकसान शोधायला मीटरच्या एका टोकाला ५ मीटर साधी तार जोडून घ्या. बॅटरीचं पॉझिटिव्ह ते अँप्लिफायरचं पॉझिटिव्ह, असं थेट मोजा. पूर्ण जोरात ०.३ ते ०.४ व्होल्टपर्यंत चालेल. बॅटरीचं निगेटिव्ह ते अँप्लिफायरचं निगेटिव्ह ०.१ ते ०.२. अल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत ०.२, आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१. ज्या मापात आकडा यापेक्षा वर जाईल, तोच तुकडा दुरुस्त करायचा.

उन्हाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. अनेक गाड्यांचे रेग्युलेटर तापमान वाढलं की चार्जिंगचं व्होल्टेज मुद्दाम कमी करतात, नाहीतर बॅटरी उकळेल. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ ला टेकलेला असताना दुपारी बॅटरीवर १३.५ दिसलं म्हणून अल्टरनेटर खराब ठरवू नका. जानेवारीच्या सकाळी त्याच गाडीवर १४.४ दिसेल.

स्वस्त 'चार गेज' किट

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बाजारातल्या बऱ्याच वायरिंग किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते, वर जाड रबरी आवरण. बाहेरून अंगठ्याएवढी दिसते, आत धातू थोडा. अशा तारेची वाहकता तांब्याच्या साधारण ६५ टक्केच असते.

बॅटरी ते डिकी ५ मीटर अंतर आणि ८० अँपिअर करंट धरून हिशेब केला तर फरक कळतो. गेजचा आकडा जेवढा लहान, तेवढी तार जाड. ८ गेज, म्हणजे ८ स्क्वेअर एमएमपेक्षा थोडी जास्त तांब्याची तार: ०.८ व्होल्ट जातात. ४ गेज, २१ स्क्वेअर: ०.३३. तीच ४ गेज मुलामा दिलेली असेल तर ०.५. ३५ स्क्वेअर तांबं: ०.२. हे फक्त पॉझिटिव्ह बाजूचं नुकसान आहे, परतीचा मार्ग वेगळा.

तार ओळखायला ब्लेडने एक तंतू खरवडा. आतून पांढरा निघाला तर अ‍ॅल्युमिनियम. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजन. १ मीटर खऱ्या ४ गेजमध्ये नुसतं तांबंच १९० ग्रॅमच्या आसपास भरतं. आवरणासकट १५० ग्रॅम भरणारा तुकडा कुणी 'प्युअर कॉपर चार गेज' म्हणून देत असेल तर घेऊ नका.

सोलापुरात एमआयडीसी भागात इंडस्ट्रियल केबल विकणाऱ्यांकडे तांब्याची वेल्डिंग केबल २५, ३५, ५० स्क्वेअरमध्ये मिळते. बारीक तंतूंची असल्याने ती सहज वळते. उष्णता आणि तेलाला टिकणारं आवरण हवं, म्हणून एचओएफआर प्रकार मागा. वेल्डिंग केबल अ‍ॅल्युमिनियमचीही येते, तेव्हा तिथेही खरवडून बघा. ५००-६०० वॅटला २५ स्क्वेअर, १००० वॅटला ३५ ते ५० स्क्वेअर ठेवा. लग (तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टर्मिनल) केबलच्या मापाचाच घ्या आणि हायड्रॉलिक क्रिंपरने पंच करा. हातोडीने चेपलेला लग वरून घट्ट वाटतो, पण आत पोकळी राहते, महिनाभरात काळा पडतो आणि तापतो. लगमध्ये बसत नाहीत म्हणून तारेचे तंतू कापणं तर अजिबात नको.

फ्यूज डिकीत लावणे

मुख्य फ्यूज तारेसाठी असतो, अँप्लिफायरसाठी नव्हे. गाडीला ठोकर बसली, इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलच्या पत्र्याने आवरण कापलं, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी तार उघडी जोखीम आहे. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तांब्याच्या ८ स्क्वेअरला ५० अँपिअर, २१ ते २५ ला १०० ते १२५, ३५ ला १५०, ५० ला २५० पर्यंत. मुलाम्याची तार असेल तर एक पायरी खाली. पुढे वितरण ब्लॉकवरून बारीक तारा निघत असतील तर त्या प्रत्येकीला वेगळा फ्यूज. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी आहे.

फायरवॉलमधून तार नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) लागतोच. डिकीत ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा, पेट्रोलची टाकी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली असते. सीएनजी गाडीत सिलिंडरच्या ब्रॅकेटला अर्थ (बॉडीला जोडायची परतीची निगेटिव्ह तार) जोडू नका आणि गॅसच्या नळीजवळून तार नेऊ नका.

अर्थ रंगावर कसणे

पॉझिटिव्हला ३५ स्क्वेअर आणि अर्थला घरातली उरलेली तार, असं अनेक गाड्यांत सापडतं. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, म्हणून अर्थची तार त्याच जाडीची आणि अर्ध्या मीटरच्या आतली ठेवा. जागा निवडताना गाडीच्या मूळ ढाच्याचा जाड पत्रा शोधा. सीट बेल्टचा बोल्ट कधीही वापरू नका, त्याची पकड अपघातात जीव वाचवते. सीटचे बोल्टही टाळा, त्यांवर अनेकदा लॉकिंगचं रसायन आणि रंग असतो.

रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवरचा रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. एम८ बोल्ट, दात असलेला वॉशर, मग लग, आणि मागून नट. कसून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा, आत नको. ओहम मोजून 'शून्य दाखवतंय' म्हटल्याने काही सिद्ध होत नाही. ८० अँपिअरला फक्त ०.०१ ओहमसुद्धा ०.८ व्होल्ट खातो आणि साधं मीटर तेवढा फरक नीट दाखवू शकत नाही. वरची व्होल्टेजची चाचणी करंट वाहत असताना होते, तिच्यावरच भरवसा ठेवा.

बॉनेटखालच्या तीन तारा विसरणे

अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, आणि इंजिन ब्लॉक ते बॉडी. कंपनीने या तारा गाडीच्या मूळ लोडपुरत्या दिलेल्या असतात. मूळ तारा काढायच्या नाहीत, त्यांना समांतर २५ ते ३५ स्क्वेअरची भर घालायची. अल्टरनेटरच्या नव्या तारेला बॅटरीजवळ फ्यूज, अल्टरनेटरच्या क्षमतेपेक्षा थोडा वरचा. काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा, शेवटी जोडा. इंजिन चालू असताना बॅटरी काढून 'अल्टरनेटर चालतो का' बघणारे आजही भेटतात. त्यात व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो.

बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर आणि त्याचा कनेक्टर दिसला, तर नवी तार थेट पोस्टला लावू नका. सेन्सरमधून न गेलेला करंट गाडीला दिसत नाही आणि चार्जिंगचं गणित चुकतं. अर्थ सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडा. अशा गाड्यांत ईसीयू स्वतःच व्होल्टेज खालीवर करतो, त्यामुळे एकच माप घेऊन निष्कर्ष काढू नका.

अल्टरनेटर रिवाइंड करून करंट वाढवून देणारे कारागीर आहेत. जाड तार, कमी वेढे, असं केलं की वरच्या आरपीएमला करंट वाढतो पण आयडलला अनेकदा घटतो, आणि गावात गाडी चालवणाऱ्याची गरज आयडलची असते. डायोड तेच ठेवले तर ते उडतात. काम देण्याआधी आयडलला किती अँपिअर मिळणार ते विचारा आणि डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने तपासा. बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात.

कपॅसिटर आणि दुसरी बॅटरी

१ फॅरडचा कपॅसिटर १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना ३२ ज्यूलच्या आसपास ऊर्जा देतो. १००० वॅटच्या अँप्लिफायरला ती सेकंदाच्या चाळिसाव्या भागापुरती. त्यानंतर तोच कपॅसिटर भरण्यासाठी अल्टरनेटरकडे मागतो. ते पैसे तांब्यात घाला.

दुसरी बॅटरी इंजिन बंद ठेवून वाजवणाऱ्यांसाठी आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ किंवा वरातीत गाडी उभी करून ३० अँपिअर ओढले, तर ४५ एएचची बॅटरी पाऊण तासात निम्मी उतरते. स्टार्टिंगची बॅटरी असं दोनचारदा झालं की कायमची खालावते. दुसरी बॅटरी डिकीत ठेवायची तर सीलबंद एजीएम (द्रव न सांडणारा बॅटरीचा प्रकार), घट्ट बांधलेली, दोन्ही टोकांना फ्यूज आणि मध्ये आयसोलेटर (दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच). जुनी आणि नवी समांतर जोडू नका. पाण्याच्या बॅटरीत उन्हाळ्यात दर महिन्याला पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, बोअरचं पाणी प्लेटा खातं.

रिमोटची तार आणि शिट्टी

गाडी रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत असेल तर आधी रिमोटची तार (अँप्लिफायरला चालू-बंद करणारी) कुठे लावलीय ते बघा. ती हेड युनिटच्या (डॅशबोर्डवरच्या स्टीरिओच्या) निळ्या-पांढऱ्या तारेवरच हवी. कायम चालू सप्लायवर लावली तर अँप्लिफायर कधी झोपतच नाही. तपासायला गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि निगेटिव्हच्या मालिकेत मीटर लावून करंट मोजा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत कारण शोधा. हे माप चालू असताना सेल मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.

इंजिनच्या आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी आली तर आरसीए केबल (हेड युनिटकडून आवाजाचा सिग्नल आणणारी) एका बाजूने आणि पॉवरची तार दुसऱ्या बाजूने न्या, ओलांडावं लागलं तर काटकोनात. हेड युनिटचा अर्थही तपासा. तरी शिट्टी राहिली तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल, तर अल्टरनेटरचा डायोड गेल्याची शक्यता मोठी आहे. त्यावर नॉइज फिल्टर लावू नका, अल्टरनेटर उघडून डायोड तपासून घ्या.