सुट्टीत उभ्या राहणाऱ्या कारची बॅटरी

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि अशा दिवसांत कार महिनाभर दारात उभी ठेवून परगावी गेल्यास परतल्यावर बॅटरी अनेकदा उतरलेली आढळते.

१. निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी होटगी रस्त्यासारख्या मोकळ्या रस्त्यावर पाऊण तास सलग चालवावी. जागेवर इंजिन चालू ठेवून तेवढे चार्जिंग होत नाही. गाडी बंद केल्यावर काही तासांनी मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजण्याच्या यंत्रावर) सुमारे १२.६ व्होल्ट दिसल्यास बॅटरी पूर्ण भरली आहे असे समजावे.

२. इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह (−) वायर सोडवावी (बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना चालतो) आणि ती उसळून पुन्हा टर्मिनलला (बॅटरीवरच्या धातूच्या टोकाला) टेकू नये म्हणून तिच्या टोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असल्यास ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशने काढून टाकावी, टर्मिनल कोरडे करावे आणि वर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा.

३. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून विटा लावाव्यात. हँडब्रेक ओढू नये, तो जाम होऊ शकतो.

पॉझिटिव्ह वायरला हात लावू नये. वायर सुटताच रिमोटचे लॉक चालत नाही, म्हणून किल्ली गाडीत न ठेवता हातातच ठेवावी.