व्हीटेक कितीला लावायचं? आकडा विचारण्याआधी या चुका टाळा

संभाजीनगर, जालना, लातूर या भागात जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक अजून जीव लावून सांभाळणारे लोक आहेत. व्हीटेक म्हणजे ठरावीक आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) व्हॉल्व्ह उघडणारा लहान कॅम सोडून मोठा कॅम लावणारी होंडाची यंत्रणा. गाडीत ट्यून होणारा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसला की ती कुठल्या आरपीएमला लागू द्यायची, हा पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, व्हीटेक कितीला लावू?" कुणी ४,२०० सांगतं, कुणी ५,५००. दोन्ही आकडे दुसऱ्याच्या गाडीचे. हेडर (एक्झॉस्टचे पाइप), इनटेक (हवा आत घेणारा भाग), कॅम यांपैकी काहीही बदललं की हा आकडा सरकतो. टायमिंग बेल्ट एका दात्यानं चुकला असेल तरी सरकतो.

सगळ्यात जास्त गाड्या बिघडतात त्या झटक्याच्या हौसेपायी. व्हीटेक लागताना पाठ सीटला टेकली पाहिजे, म्हणून पोरं ते ५,८००-६,००० वर नेऊन ठेवतात. होतं काय, तर लहान कॅमचा टॉर्क त्याच्या खूप आधीच उतरायला लागलेला असतो. मधले हजारभर आरपीएम गाडी मरगळते, मग मोठा कॅम लागतो आणि टॉर्क एकदम वर येतो. अंगाला जाणवतो तो हा फरक, आणि तो फरक आपणच आधी ताकद घालवून तयार केलेला असतो. त्यात गिअर बदलल्यावर आरपीएम पुन्हा व्हीटेकच्या खाली पडतात, म्हणजे तीच मरगळ दर गिअरला. उलट ३,००० वर लावलं तर मोठ्या कॅमला त्या वेगात सिलिंडर नीट भरता येत नाही आणि खालचा पिकअप जातो. बरोबर लागलेलं व्हीटेक कानाला कळतं, पाठीला फारसं नाही.

आकडा काढायची पद्धत कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती कुणी करत नाही. डायनोवर (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) फुल थ्रॉटलला एक पुल (खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत एक दौड) असा घ्या की व्हीटेक लागणारच नाही. ईसीयूत ते रेडलाइनच्या (आरपीएमची कमाल मर्यादा) वर ठेवा. दुसरा पुल घेताना ते ३,००० वर ठेवा. दोन्ही वेळा आधी त्या त्या कॅमच्या टेबलमधलं (ईसीयूतला आकड्यांचा तक्ता; असे तक्ते मिळून मॅप) फ्युएल आणि इग्निशन जुळवून घ्यायचं, नाहीतर तुलना कॅमची न होता मॅपच्या चुकांची होते. मग दोन्ही टॉर्कच्या रेषा एकावर एक ठेवा. जिथं त्या एकमेकींना छेदतात, तोच तुमचा आकडा. कूलंट ८५ ते ९० अंशांवर हवं आणि दोन पुलमध्ये इनटेकच्या हवेत पाचेक अंशांपेक्षा जास्त फरक नको. मे महिन्यात इकडं बॉनेटखालची हवा पन्नाशी ओलांडते. पहिला पुल सकाळी आणि दुसरा जेवण झाल्यावर घेतला तर ते आलेख फेकून द्यायचे. डायनोसाठी पुण्याला जावं लागलं तरी जा. समृद्धी महामार्ग ही त्याला पर्यायी जागा नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडते. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं: सोलेनॉइड (विजेवर उघडणारी ऑइलची झडप) उघडतो, दाब रॉकरमधल्या (कॅमचा रेटा व्हॉल्व्हला देणारे दांडे) पिना ढकलतो, रॉकर एकमेकांत अडकतात आणि मोठा कॅम व्हॉल्व्ह उघडायला लागतो. या सिंगल कॅम इंजिनात हे फक्त इनटेकच्या बाजूला होतं. दाब पोचला की नाही, हे ईसीयूला प्रेशर स्विच सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या स्विचची तपासणी बंद करायची सोय असते आणि इंजिन लाइट पेटला की उतावळे लोक आधी तेच बंद करतात.

बीडकडच्या एका सिटीचं असंच झालं. पाच हजारांच्या वर गाडी ओढेना, मागून काळा धूर. मॅप दोनदा बदलला गेला, वरचं फ्युएल कापत नेलं, धूर थांबला. खरा दोष सोलेनॉइडखालच्या जाळीत होता. कुणीतरी गॅस्केटऐवजी सिलिकॉन पेस्ट फासली होती आणि तिचे तुकडे जाळीत अडकून बसले होते. ईसीयू मोठ्या कॅमचं टेबल वापरत होता, इंजिन मात्र लहान कॅमवरच फिरत होतं, म्हणून पेट्रोल जादा पडत होतं. जाळी साफ केल्यावर व्हीटेक लागलं आणि त्याच कापलेल्या मॅपवर इंजिन लीन होऊन (पेट्रोल कमी पडून) नॉक करायला (आतून ठोके द्यायला) लागलं. स्विच चालू ठेवला असता तर पहिल्याच दिवशी बिघाडाचा कोड मिळाला असता.

म्हणून लॅपटॉप उघडायच्या आधी गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक बघा. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला; जुनं इंजिन म्हणून जाड ऑइल ओतणं हा आळशी उपाय आहे, ते बारीक वाटांतून सावकाश सरकतं. सोलेनॉइडचा रेझिस्टन्स १४ ते ३० ओहम आला पाहिजे आणि १२ व्होल्ट दिल्यावर टक असा आवाज यायला हवा. प्रेशर स्विच इंजिन बंद असताना जोडलेला दाखवतो आणि दाब आला की उघडतो. कोड २१ आला तर सोलेनॉइडची लाइन तपासा, २२ आला तर स्विचची. जाळीचं गॅस्केट मात्र नवीनच टाका. त्यात पैसे वाचवणाऱ्यांचं मला कधीच कळलं नाही.

टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) न करता ट्यूनिंग करू नये. होंडाच्या डी-सीरीजच्या १.६ व्हीटेक इंजिनांना इनटेक ०.१८ ते ०.२२ आणि एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर लागतं. आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. इंजिन ३८ अंशांच्या खाली असताना हे माप घ्यायचं असतं. उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारची सावलीसुद्धा त्याहून तापलेली असते, त्यामुळं गाडी रात्रभर उभी ठेवून काम पहाटे उरका.

लागायचा आणि सुटायचा आकडा एकच ठेवू नका. ४,९०० ला लागत असेल तर ४,७०० ला सुटू द्या. नाहीतर घाटात ट्रकमागं एकाच आरपीएमवर चढताना सोलेनॉइड सारखा टकटकत राहतो.

अर्ध्या थ्रॉटलला फुल थ्रॉटलचा आकडा चालत नाही. ईसीयूत लोडनुसार लावायची सोय असेल तर वापरा. इंजिन तापण्याआधी व्हीटेक लागू देऊ नका. निवडलेल्या आकड्याच्या मागंपुढं ५०० आरपीएमपर्यंत दोन्ही टेबल नीट भरा.

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, त्यामुळं मीटरवर जुने एअर-फ्युएलचे (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे) आकडे शोधत बसू नका. मीटर लॅम्डावर (इंधन कुठलंही असो, १ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जादा) टाका आणि या बिनटर्बो इंजिनाला फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८ च्या आसपास ठेवा.

आणि स्विफ्टवाल्यांनो, तुमच्या व्हीव्हीटीत कॅम बदलत नाही, कॅमचा कोन सतत पुढंमागं होत राहतो. तिथं कितीला लावू हा प्रश्नच नाही. आरपीएम आणि लोडचं अख्खं टेबल भरावं लागतं.