'जे'वरून मुलाचं अमेरिकन नाव निवडताना

न्यू जर्सीत आमच्या ओळखीत कुणाकडे बाळ होणार असलं की मला फोन येतो, एक डिंकाच्या लाडवांसाठी आणि एक नावासाठी. लाडवांचं पुन्हा कधी सांगेन. नावांत सगळ्यात जास्त विचारणा 'जे'ची. कुणाच्या पत्रिकेत उत्तराषाढाचा तिसरा-चौथा चरण निघतो, म्हणजे जा, जी. कुणाची सून अमेरिकन असते आणि तिच्या माहेरी पणजोबांपासून सगळे जॉन, जेम्स नाहीतर जो. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी वेळेचं. बारशाची वाट बघत बसू नका. इथे बहुतेक ठिकाणी बाळ-बाळंतीण घरी यायच्या आतच जन्मदाखल्याचा फॉर्म पुढ्यात येतो, सोशल सिक्युरिटी नंबरचा (इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचा) अर्जही त्याच्याबरोबरच होतो. नाव मागाहून बदलता येतं, पण कागदपत्रांचं झेंगट होऊन बसतं. आठव्या महिन्यात यादी तयार असू द्या. कानात कुर्र बाराव्या दिवशीच करा, कोण अडवतंय?

आता अर्थ. नेटवरच्या याद्यांमध्ये निम्म्या नावांचा अर्थ 'शूर' नाहीतर 'तेजस्वी' असतो, त्यावर जाऊ नका. माझी युक्ती साधी आहे: मराठी बायबल उघडा. 'जे'ची जुनी नावं बहुतेक हिब्रू, आणि तिथला 'य' मराठीत शाबूत राहिलाय. जोसेफ म्हणजे योसेफ, जॉन म्हणजे योहान, जोनाथन म्हणजे योनाथान, जोशुआ म्हणजे यहोशवा, जेरेमाया म्हणजे यिर्मया. जॉर्डन ही तर यार्देन नदी. यातल्या बऱ्याच नावांच्या सुरुवातीला देवाचंच नाव दडलेलं आहे. योहान म्हणजे 'देवाची कृपा झाली', योनाथान म्हणजे 'देवाने दिला', यहोशवा म्हणजे 'देव तारणारा'. आपल्याकडे देवदत्त ठेवतात, तसाच हा जोनाथन. मला विचाराल तर अर्थाच्या बाबतीत 'जे'मधलं सगळ्यात देखणं नाव हेच. योसेफ मात्र वेगळा: 'आणखी भर घालो', म्हणजे अजून एक मूल होवो असा आशीर्वाद. एकावर थांबायचं ठरवलं असेल तर बघा बुवा!

गंमत जेम्स आणि जेकबची. मराठी बायबलात दोघंही याकोब, कारण मुळात नाव एकच. लॅटिनमध्ये त्याची दोन रूपं झाली, त्यातलं एक पुढे इंग्रजीत जेम्स झालं. सख्ख्या भावांची नावं जेम्स आणि जेकब ठेवलीत तर एकच नाव दोनदा ठेवल्यासारखं होईल. याकोब जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरून जन्माला आला, म्हणून 'टाच धरणारा'. पुढे त्याने थोरल्याचा हक्क मिळवला, म्हणून 'दुसऱ्याची जागा घेणारा'. अर्थाबद्दल हळवे असाल तर धाकट्याला हे नाव ठेवू नका, थोरला मोठेपणी वाचेल. अमेरिकन लोकांना याचं काही वाटत नाही. मॅडिसनपासून कार्टरपर्यंत त्यांचे सहा राष्ट्राध्यक्ष जेम्स होते. जिमी कार्टर म्हणजे कागदोपत्री जेम्स अर्ल कार्टर ज्युनियर, वडिलांचंच नाव मुलाला.

हिब्रूबाहेरची थोडक्यात: जेसन ग्रीक, 'बरं करणारा'. जस्टिन लॅटिन, 'न्यायी'. जमाल अरबी, 'सौंदर्य'. जॅस्पर फारसीकडून आलेला, 'खजिनदार'. गोव्यातला गास्पार तोच. जॅक हे जॉनचं लाडकं रूप आणि जॅक्सन म्हणजे जॅकचा मुलगा, मुळात आडनाव.

हाविएर या स्पॅनिश नावाला मात्र जपा. लिहिताना 'जे', म्हणताना 'ह'. होसे आणि हुआनचंही तेच. पत्रिकेतल्या 'ज'साठी हे चालायचं नाही. हाविएर हे स्पेनमधल्या बास्क भाषेतल्या 'नवं घर' या शब्दांवरून पडलेलं गावाचं नाव, आणि आपल्या जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत ते सेंट फ्रान्सिस झेवियर तिथलेच.

नाव किती चालतं हे सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर बघा, 1880पासूनच्या याद्या फुकट आहेत. 1880 ते 1923 जॉन पहिला, 1940 ते 1952 जेम्स, 1999 ते 2012 सलग जेकब. त्यामुळे नावावरून माणसाचं वय ओळखू येतं: आज भेटणारे जेसन बहुतेक सत्तर-ऐंशीच्या दशकांतले, जेडन 2010च्या आसपासचे. एक खाच लक्षात ठेवा. तिथे प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात. जॅक्सन 'सीकेएस'ने, 'एक्स'ने आणि 'एक्सएस'ने लिहितात, तिन्हींची बेरीज स्वतः करा, मग कळेल वर्गात किती भेटतील. आणि स्पेलिंग सगळ्यात साधं तेच घ्या, नाहीतर पोरगा जन्मभर फोनवर अक्षरं सांगत बसेल.

टोपणनावही आधीच म्हणून बघा, कारण शाळेत पूर्ण नाव कुणी घेत नाही. जोनाथनचा जॉन किंवा नेथन होतो, जोशुआचा जॉश, जेफरीचा जेफ. मग यादी सांगली-साताऱ्याच्या आजीला फोनवर म्हणायला लावा. जेरेमायाशी आमच्या एका विहीणबाईंची अजून झटापट चालू आहे. जोएल, ज्यूड, जेक ही नावं मात्र पहिल्या झटक्यात जमतात.

कशावरच एकमत होत नसेल तर 'जे' हेच नाव ठेवा: इंग्रजी तीन अक्षरं, इकडे स्वतंत्र नाव म्हणूनही चालतं, जेम्स-जेसनचं लघुरूप म्हणूनही चालतं, आणि आजी त्याला खुशाल जय म्हणू शकते. मधलं नाव वडिलांचं लावायची आपली पद्धत फॉर्ममधल्या मधल्या रकान्यात जशीच्या तशी बसते, त्यासाठी वेगळं अमेरिकन नाव शोधू नका.